कपाटाला ओव्याचा वास

जगातली साम्राज्यं शत्रूच्या तलवारीने बुडाली असं इतिहासकार सांगतात, ते साफ खोटं आहे. ती बुडाली हवी ती फाईल हव्या त्या वेळी न सापडल्यामुळे. त्र्याण्णव सालच्या श्रावणात, नवीन पनवेलच्या आपल्या पहिल्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये, कृष्णकांत देवस्थळींनी हे सत्य जाहीर केलं तेव्हा ते कोपरापर्यंत हात गव्हाच्या डब्यात घालून लाईटबिल शोधत होते.

"तांदळाच्या डब्यात बघा," शशिकलाबाई म्हणाल्या. "गव्हात गॅसचं कार्ड असतं."

बिल तांदळात सापडलं आणि कृष्णकांतांचा सिद्धांत आणखी पक्का झाला. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरीच ऑफिस थाटायचं ठरवलं होतं. 'गृहनिर्माण संस्था सल्लागार' अशी पाटी रंगवून तयार होती. ती पलंगामागे भिंतीकडे तोंड करून उभी होती. टेबल आलं, खुर्च्या आल्या. अडलं होतं फक्त फायलींच्या कपाटावाचून.

लोखंडी नको, हे उघड होतं. घरातल्या लोखंडी कपाटाचे पाय दोन पावसाळ्यांत गंजून ते नमस्कार करायच्या बेतात आलं होतं. म्हणजे लाकडीच. पण कुठलं? प्लायवूड फुगतं. आंब्याला वाळवी लागते. सागाचा खण पावसात अडकतो. कृष्णकांत रोज सकाळी एक लाकूड पसंत करत आणि दुपारच्या चहापर्यंत नापसंत करत. खिशात मोजपट्टी असे. कामोठ्याला एका बारशाला गेले, तर पाळण्याकडे न बघता यजमानांच्या टेबलाचे खण ओढत बसले.

गोरख मिस्त्री बिचारा येऊन येऊन थकला.

"खण किती बाहेर यायला पायजे, साहेब?"

"संपूर्ण. शेवटची फाईलसुद्धा दिसली पाहिजे."

"संपूर्ण आला तर पायावर पडंल."

"मग पडू नये अशी काही तरतूद करा."

"आमी करतो की. थोडा आत ठेवतो."

"मग शेवटची फाईल कशी दिसणार?"

गोरखने कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत कानावर ठेवली. "साहेब, तुमी आधी ठरवा. मी हाय इथंच."

"अहो, कपाट निवडताय की जावई?" शशिकलाबाई शेवटी म्हणाल्या. "दसऱ्यापर्यंत वाट बघीन. दसऱ्याला दिवसभरात कोणी माणूस कामासाठी दारात आला नाही, तर ही अर्धी खोली खालच्या नीताच्या शिवणक्लासला. मी तिला शब्द दिलाय."

कृष्णकांत उठले, गॅलरीत गेले, परत आले, बसले, पुन्हा उठले. कपाट नाही तोवर ऑफिस नाही, आणि ऑफिस नाही तोवर तिथे कोणी आलं नाही असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. नोकरीत त्यांच्या टेबलापुढे जन्मभर रांग होती. टेबल सरकारचं होतं. रांग कुणाची होती, हा प्रश्न अलीकडे त्यांना जेवताना पडे.

नवरात्रात शशिकलाबाई त्यांना हाताला धरून जुन्या पनवेलच्या बाजारात घेऊन गेल्या. तिथे दिनानाथ वैद्य आपलं पिढीजात दुकान कायमचं बंद करत होते. मुलगा कॉम्प्युटरकडे वळला होता. दुकानातलं कपाट अस्सल सागाचं. वर इवल्या इवल्या खणांच्या रांगा, खाली चार खोल खण. कृष्णकांतांनी बरोबर आणलेली फुलस्केप फाईल खणात उभी केली. ती वर्गात मास्तर आल्यासारखी ताठ उभी राहिली. त्यांनी खण ओढला, तो मुकाट्याने आला. ढकलला, मुकाट्याने गेला. ते गुडघ्यावर बसून खालून डोकावले. दोष सापडेना.

"ओव्याचा वास येतोय," ते मोठ्या आशेने म्हणाले.

"जाईल," वैद्य म्हणाले. "माझ्या आजोबांच्या वेळेपासून आहे, पण जाईल."

कपाट हातगाडीवरून निघालं. कृष्णकांत त्यावर हात ठेवून वरातीतल्या मामासारखे चालत होते. बाजारातला जो तो विचारी, "कपाट कुठं चाललं?" आयती जाहिरात होतेय म्हणून ते थांबून प्रत्येकाला बिल्डिंग, मजला, वेळ सगळं सांगत. "दसऱ्यापासून सुरू. अवश्य या!"

दसऱ्याला पाटी लागली. कपाटाला झेंडूचा हार घातला. कोऱ्या फायली लावून झाल्या, काढून झाल्या, उलट्या क्रमाने लावून झाल्या. जिन्यात पावलं वाजली की कृष्णकांत पेन उघडत. पावलं दुसऱ्या मजल्यावर गेली की बंद करत. जेवणं झाली. चार वाजता नीता टेप घेऊन आली.

"सहज आले हं, काका. मशीन खिडकीपाशी मावेल का, एवढंच बघते."

तेवढ्यात बेल वाजली.

दारात जवळच्या विचुंबे गावची एक बाई उभी होती. तिच्या मागे एक म्हातारा, त्याच्या मागे कडेवर पोर घेतलेली सून, आणि मग जिन्याच्या वळणापर्यंत माणसंच माणसं. रांग! कृष्णकांतांच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या.

"या, या! बसा. नाव?"

"जनी."

"कागद आणलेत का बरोबर?"

"कागूद?" जनी म्हणाली. "पुडीला तुमच्याकडं नाय का? वैद्यबाबा त्यांचाच घालायचे."

कृष्णकांतांचं पेन जागच्या जागी थांबलं.

"बाजारात समदी बोलली, कपाट हिकडं आलंय," जनीने कपाटाकडे बोट केलं. "मंग औषद पण हिकडंच असंल ना? पोट धरलंय सकालपासून. तो वरचा खण हाय ना, त्यातली पुडी द्यायचे बाबा. गुण यायचा बगा."

मागचा म्हातारा खोकून म्हणाला, "लवकर उरका. मना पण खालच्या खणातलं पायजे."

कृष्णकांतांनी रांगेकडे पाहिलं. खिडकीपाशी टेप ताणून उभ्या असलेल्या नीताकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात पदराने हात पुसत शशिकलाबाई उभ्या होत्या, आणि माणूस कामासाठी दारात आला आहे हे त्यांना नाकारता येण्यासारखं नव्हतं. ते उठले. त्यांनी वरचा खण ओढला. आत फक्त वास होता.

ते सावकाश वळले आणि आवाज शक्य तितका कचेरीतला ठेवून म्हणाले, "अगं, जरा वाटीभर ओवा देतेस का?"