अनसाबाईची फणी

मित्रांनो, मी एक जुनी फणी आहे, म्हशीच्या शिंगाची. कारागिरानं शिंग तापवून सपाट केलं, बारीक करवतीनं माझे दात काढले. गाणगापूरच्या बाजारात कडगंचीकडच्या सिद्धाप्पा धनगरानं मला आपल्या बायकोसाठी घेतलं. तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं.

त्याच्या बायकोचे, अनसाबाईचे केस गुडघ्यापर्यंत होते. पाणवठ्यावरच्या बाया बघत राहत. पण ती तापानं गेली. मागे राहिली लहानगी चन्नव्वा, तसेच दाट केस घेऊन.

सिद्धाप्पानं दुसरं लग्न केलं. नव्या बायकोच्या, सुभद्राबाईच्या अंगावरची हळद उतरली नव्हती, तोच तो मला दाखवून म्हणाला, "ही अनसाची हाय. चन्नीचे केस हिनंच विंचर. तुला दुसरी घे."

सुभद्राबाई रोज चन्नीची वेणी घाली आणि शेजारणी म्हणत, "हुबेहूब अनसा दिसायलीय गं!" तेव्हा तिची बोटं माझ्यावर आवळत. तिचेही केस दाट होते, पण ते कुणी पाहिलेच नाहीत. भाकरी वाढली की सिद्धाप्पाला अनसाची भाकरी आठवे. जिवंत सवतीशी भांडता तरी आलं असतं!

एका वर्षी सिद्धाप्पा मेंढरं घेऊन भीमेकाठी गेला. त्याची पाठ वळताच सुभद्राबाईनं मला आढ्याच्या फटीत खुपसलं.

"तुझ्या मायची फणी हरवली. ये, माझ्या फणीनं विंचरते."

"मला मायचीच पायजे."

"मग ऱ्हा तशीच!"

दोघीही हटल्या नाहीत. वरून मी बघत होते. चन्नीच्या केसांत धूळ बसली, गुंता झाला, मग त्याचा जाड दोरच वळला गेला.

एके दिवशी यल्लम्माची परडी घेऊन फिरणारी म्हातारी गंगव्वा दारात आली. चन्नीला पाहताच तिनं हात जोडले.

"जट आलीया! देवीनं पोरगी मागितली. आता फणी लावायची न्हाई, लगीन करायचं न्हाई. पुनवेला देवीला सोडा."

म्हणजे चन्नीनं घर सोडायचं आणि जन्मभर परडी घेऊन दारोदार मागायचं. सिद्धाप्पा परतला, त्यानं केस पाहिले. "देवीपुढं माझं काय चालतंय?" म्हणाला आणि रडत रडत देवीला सोडताना नेसवायचं हिरवं लुगडं घेऊन आला.

पुनवेला बाया जमल्या. चन्नी बापाकडे गेली नाही. तिनं सुभद्राबाईचा पदर घट्ट धरला.

"मावशी, मला धाडू नगं गं."

सुभद्राबाई बाजेवर चढली आणि तिनं मला आढ्यातून ओढून काढलं.

"देवीनं न्हाई मागितली! फणी मीच लपविली. विंचरले न्हाईत म्हणून केस असे झाले."

"देवी कोपंल!" गंगव्वा ओरडली.

"कोपू दे माझ्यावर. पोरगी देणार न्हाई."

सिद्धाप्पानं हात उगारला. "कामून केलीस असं?"

"जळायलते मी! मेलेल्या बाईवर जळायलते! तुमी कवा माझ्याकडं बघितलाव?"

त्याचा हात खाली आला. बाया एकेक करून निघून गेल्या.

सुभद्राबाई करडईचं तेल घेऊन बसली. गुंता सुटता सुटेना. काही केस कापावे लागले, माझेही दात मोडले. पुढं कितीतरी दुपारी ती तशीच बसली. चन्नी कळवळायची, पण उठून गेली नाही.

शेवटचा गुंता सुटला तेव्हा चन्नीनं मला तिच्या हातातून घेतलं.

"मावशी, आता तू बस."

माहेर सुटल्यापासून सुभद्राबाईचे केस कुणी विंचरले नव्हते. दारातून सिद्धाप्पा बघत होता. 'ती फणी अनसाची' असं तो म्हणेल, अशी मला भीती वाटली. त्यानं तेलाची वाटी उचलून चन्नीपुढं ठेवली.

"तुझे केस किती लांब हाईत गं!" चन्नी म्हणाली. सुभद्राबाईनं तोंड भिंतीकडे केलं आणि ती रडली.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जरूर जपा. पण घरात जे जिवंत आहेत, त्यांच्याही हाती ती द्या. मी दोघींच्या केसांतून फिरले, तरी अनसाबाईचं काही कमी झालं नाही.