सात जण आणि एक खाट

आमच्या संघात काळे खेळाडू नेहमी सम संख्येत असत. चार, नाहीतर सहा. पाच कधीच नाहीत. १९५६ साली मी ओहायोतल्या टोलिडोच्या अमेरिकन फुटबॉल संघात आलो तेव्हा मला तो योगायोग वाटला. पुढे कळलं की हे खाटांचं गणित आहे. बाहेरगावच्या सामन्याला हॉटेलात एका रूममध्ये दोघे झोपतात. गोऱ्याच्या शेजारच्या खाटेवर काळा झोपवायचा नाही. मग काळे जोडीनेच ठेवायचे, आणि एखादा उरलाच तर त्याला घरी पाठवायचं. मग तो कितीही चांगला खेळो.

हे कुठे लिहिलेलं नव्हतं. विचारलं की सगळे छताकडे बघायचे.

आणखी एक खोड होती. आम्हा सगळ्यांना दोन-तीन ठरावीक जागांवरच खेळवायचे, म्हणजे आमची मारामारी आपसातच. एकोणसाठ साली लेमुएल डुप्री नावाचा एक पोरगेलासा खेळाडू माझ्याच जागेसाठी आला. बचावात, मैदानाच्या कडेला. समोरचा चेंडू झेलायला पळाला की त्याच्या मागे पळायचं, ते काम. डुप्री माझ्यापेक्षा सरस होता. मला दिसत होतं, कोचला दिसत होतं. पण तो पाचवा होता. मोसमाचा संघ ठरवणाऱ्या शेवटच्या यादीच्या सकाळी त्याला निरोप आला: डावपेचांची वही घेऊन कोचकडे ये. वही मागितली की समजायचं, संपलं. तो बॅग घेऊन बसकडे चालला तेव्हा मी खिडकीत उभा होतो. मी पडदा ओढून घेतला. माझी नोकरी वाचली होती आणि मला बरं वाटलं होतं. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही.

आता १९६३चा सप्टेंबर. ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या रिकाम्या हॉस्टेलमध्ये आमचा कॅम्प होता. शेवटची यादी गुरुवारी सकाळी लागणार, रविवारी पहिला सामना. आम्ही सात उरलो होतो. सहा जण तीन रूममध्ये, आणि सातवा आयसम टीग तळमजल्यावर बॉयलरशेजारी एकटा.

टीग बावीस वर्षांचा, मिसिसिपीचा. कॉलेजात गणित शिकलेला. बोलायला अगदी कमी, पण पायात वारा. सरावाच्या चार सामन्यांत त्याने समोरच्यांचे पाच चेंडू हवेतल्या हवेत पळवले. मी एक. आणि तो खेळत होता माझ्याच जागेवर. मी एकतीसचा, गुडघा दर सकाळी कुरकुरणारा. काही न बोलता गप्प बसलो असतो तर टीग गेला असता आणि माझं आणखी एक वर्ष निघालं असतं.

बुधवारी सकाळी मी लुईझियानाला फोन केला. माझी धाकटी बहीण ओडिल त्याच आठवड्यात तुरुंगातून सुटली होती. गावातल्या औषधाच्या दुकानात खाण्यापिण्याचा काउंटर होता, फक्त गोऱ्यांसाठी; तिथे बसून तिने कॉफी मागितली होती. नऊ दिवस आत.

"मारलं का गं तुला?" मी विचारलं.

"मारलं. दुखतंय. माझं जाऊ दे, तुझं काय चाललंय ते सांग."

मी टीगचं सांगितलं. कोच कसा, मालक कसा, जगाची रीत कशी, सगळं रडगाणं गायलो. ती ऐकत होती.

"अल्सी," ती म्हणाली, "तू दर रविवारी रेड्यासारख्या माणसांच्या अंगावर धावून जातोस ना?"

"हो."

"आणि गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एका म्हाताऱ्याला एक वाक्य बोलायचं तर तुझी तंतरते?"

"ओडिल, माझी नोकरी आहे."

"माझी गेली. आणि कॉफी पण नाही मिळाली." तिने फोन ठेवला.

 मला तिचा भयंकर राग आला होता, कारण ती खरं बोलली होती.

दुपारच्या जेवणानंतर मी रूमवर गेलो आणि माझी खाट ओढायला लागलो. लोखंडी खाट. फरशीवर असा काही आवाज झाला की सगळं हॉस्टेल जागं झालं. माझा रूममेट हॉलिस मेब्री, पावणेतीनशे पौंडांचा, तीन पोरांचा बाप, अंगठा चिरडल्यासारखा ओरडला, "अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"एक टोक धर."

"कुठे चाललायस?"

"कोच हॅलोरनच्या दारात झोपायला."

हॉलिस उठून बसला. मग म्हणाला, "माझी बायको मला मारून टाकणार आहे," आणि त्याने दुसरं टोक धरलं.

आम्ही खाट एक जिना खाली नेली आणि कोचच्या ऑफिससमोर पॅसेजमध्ये लावली. मी चादर घातली, उशी ठेवली, बूट काढून वर बसलो. इतर चौघे काळे आवाजाने आलेच होते. टीग बॉयलरकडून वर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. गोरे खेळाडूही जमले, कोणी टॉवेल गुंडाळलेला, कोणी तोंडात सफरचंद धरलेला. दार उघडलं.

"ही काय भानगड आहे?" कोच हॅलोरन म्हणाला.

मी उठलो नाही. "अडचण सोडवली, कोच. आजपासून मी पॅसेजमध्ये झोपतो. हॉटेलातसुद्धा. म्हणजे रूममध्ये आम्ही सहाच. आता टीगला घरी पाठवायचं कारण नाही."

"टीगबद्दल कोण काय म्हणालं?"

"कोणीच काही म्हणत नाही. गेली सात वर्षं कोणीच काही म्हटलेलं नाही."

"असला काही नियम नाहीये, फॉन्टनेट."

"झकास. मग या सगळ्यांसमोर सांगा. टीग माझ्यापेक्षा वाईट खेळतो का?"

हे विचारताना माझा आवाज कापला. आपल्याच पोटावर पाय द्यायचा तर आवाज कापणारच. कोचने टीगकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो वाईट माणूस नव्हता. वाईट माणूस असता तर मला हे सोपं गेलं असतं. चार वर्षांपूर्वी माझी आई वारली तेव्हा त्याने मला स्वतःच्या गाडीतून स्टेशनवर सोडलं होतं. पण त्याला खोटं बोलता येईना आणि खरं बोलवेना. त्याचे कान लालबुंद झाले.

"फॉन्टनेट," तो हळूच म्हणाला, "तुझी वही आण."

 सातातून एक गेला की सहा. माणसाने उत्तर काढलं होतं! मला हसूच आलं, खरंच सांगतो. वही मी उशीखाली घेऊनच आलो होतो. काढली आणि खाटेवर ठेवली.

"ही घ्या. सहा झाले. आता तरी टीगला ठेवणार ना?"

कोच वही उचलायला वाकला, तेवढ्यात टीग भिंतीपासून हलला. त्याने खाकेतली स्वतःची वही काढली आणि माझ्या वहीवर ठेवली.

"अरे, तू काय करतोस?" मी ओरडलो. "तुझ्यासाठी तर चाललंय हे सगळं! मूर्खा, उचल ती!"

"नाही, मिस्टर फॉन्टनेट," तो म्हणाला. "तुमच्या जागेवर मला तुमच्याशी खेळून यायचंय. गणितातून नाही."

हॉलिसने मोठा उसासा सोडला. "पाच उरले, कोच. विषम," असं म्हणून तो वर गेला आणि वही घेऊन आला. मग चार. कोचच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटल्यासारखं दिसलं, मी पाहिलं ते. चार त्याला चालले असते. पण उरलेल्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि एकामागून एक जिना चढून गेले. पाच मिनिटांनी खाटेवर सात वह्या होत्या.

"आता कोणीच नाही," कोच म्हणाला. 

"शून्यसुद्धा समच असतं, कोच," टीग म्हणाला. "पाहिजे तर कोणालाही विचारा."

मागून सफरचंदवाला बोलला. स्टॅन कोवालिक, पेनसिल्व्हेनियाच्या खाणीतल्या माणसाचा मुलगा, आमच्या आक्रमणाच्या मधोमध खेळणारा. सात वर्षांत माझ्याशी सात वाक्यं बोलला असेल.

"कोच, रविवारी माझ्या उजव्या बाजूला कोण उभं राहणार? हॉलिस नसेल तर शिकागोवाले माझा चेंदामेंदा करतील. मला हौस नाही बुवा."

"तुला कोणी विचारलंय?" कोच खेकसला.

"नाही. पण मार मलाच खायचाय."

 कोच हॅलोरन ऑफिसात गेला, दार लावून घेतलं. आतून फोनवर बोलल्याचा आवाज येत होता. मालकाशीच बोलत असणार. एकदा तो जोरात म्हणाला, "मग रविवारी तुम्हीच खेळा ना!" हॉलिसने माझ्या बरगडीत कोपर मारलं. आम्ही सात जण त्या एका खाटेवर आणि तिच्या भोवती बसून राहिलो. पाऊण तास.   

दार उघडलं. कोच बाहेर आला, खाटेपाशी थांबला, वरच्या वह्या बाजूला करून त्याने माझी वही शोधून काढली आणि माझ्यापुढे धरली. डोळ्याला डोळा देत नव्हता. मला ती घ्यायची होती. देवाशप्पथ, इतकी घ्यायची होती की बोटं आपोआप पुढे झाली. मी बोटं मागे घेतली.

"आधी त्याला," मी म्हणालो.

कोचने टीगची वही उचलली. टीग उभा राहिला, दोन्ही हातांनी ती घेतली आणि म्हणाला, "आभार मानणार नाही, कोच."

"माहितेय," कोच म्हणाला. मग त्याने माझी दिली.

गुरुवारी यादीत आमची सात नावं होती. त्या मोसमात बाहेरगावी गेलो की हॉटेलवाले मला एकट्याला रूम देत, आणि हॉलिस माझ्या नावाने बोटं मोडायचा, कारण त्याच्या रूममध्ये माझ्या जागी आलेला टीग त्याच्यापेक्षाही मोठ्याने घोरायचा.

पुढच्या सप्टेंबरमध्ये शेवटच्या यादीच्या सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. गुडघा पार गेला होता, आणि टीग माझ्यापेक्षा चांगला होता. मी वही देऊन बॅग उचलली. बसपर्यंत सोडायला टीग आला, संघातले बाकीचे काळे खेळाडूही आले, जुने आणि नवे. बस सुटली तेव्हा मी खिडकीतून त्यांना मोजलं. नऊ होते.