अडीचशे प्रदक्षिणा

हर्षल लडाखच्या धावण्याच्या शर्यतीहून परतला, तर जळगाव जामोदच्या बसस्टँडवर त्याला न्यायला गावातल्या दोन मोटारसायकली हजर. एकीच्या पुढे त्याच्या फोटोचा फ्लेक्स: 'पाच दिवसांत अडीचशे किलोमीटर!' तो खाली बघतच मागच्या सीटवर बसला.

खरी गोष्ट अशी, की तिसऱ्या दिवशी, एकशे विसाव्या किलोमीटरला, छातीवरचा नंबर काढून तो आयोजकांच्या जीपमध्ये जाऊन बसला होता. पाय धड होते, दमही शाबूत होता. पण समोर झाड नाही, घर नाही, माणूस नाही. नुसतं उघडंबोडकं पठार आणि कानफटात मारणारा गार वारा. तिथं त्याची पाचावर धारण बसली. पुढचे दोन दिवस तो लेहच्या खोलीत रजई ओढून पडला. पाचव्या दिवशी चुलतभाऊ दीपकनं गावाच्या ग्रुपवर विचारलं, "झालं काय पुरं?" यानं नुसती हात जोडल्याची खूण टाकली. भल्या माणसाला 'नाही' ही दोन अक्षरं लिहिता आली नाहीत!

घरी त्याची आई तानुबाई ओसरीत पाय लांब करून बसली होती. घोटे सुजून टम्म झाले होते.

"माय, काय झालं वं हे?"

"काई नाही रे. म्या मारुतीले नवस बोलली होती. तुहा एक किलोमीटर, माही एक फेरी. रोज पन्नास. मधात पानी आलं, पन म्या सोडलं नाही."

ती चिखलात अनवाणी फिरत होती तेव्हा आपण रजईत पडून गरम सूप पीत होतो, या विचारानं हर्षलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं तिथंच सगळं सांगून टाकलं. तिनं चार शिव्या हासडाव्यात असं त्याला फार वाटत होतं.

तानुबाईनं मनाशी हिशेब केला. "मंग एकशे तीस फेऱ्या खोट्या झाल्या ना रे," म्हणाली, आणि भिंतीला धरून उठली.

मारुतीच्या देवळापुढे सरपंच महादेवराव सत्काराची शाल घेऊन उभे होते. तानुबाई लंगडत त्यांच्यासमोरून थेट मूर्तीपुढे गेली आणि तिनं दोन्ही कान धरले.

"देवा, माही चूक झाली. पोरगं कवाचंच थांबलं होतं, अन् म्या तुले खोटं सांगत राह्यली."

"तिची नाही, माही चूक हाय!" हर्षल ओरडला. "म्या तिसऱ्याच दिवशी जीपमंदी बसलो."

महादेवरावांनी शाल पुन्हा पिशवीत घातली.

तानुबाई बाहेर आली आणि त्या एकशे तीस फेऱ्या भरून काढायला पुन्हा देवळाला फेरी घालू लागली. हर्षल घाईनं चपला काढून तिच्या मागे निघाला. तिनं वळून त्याच्या पायांकडे पाहिलं.

"तू बस, बापा," ती मायेनं म्हणाली. "तुले झेपत नाही."