आठवड्यामागं नवटाक

नकोशी हे नाव मीच ठेवलं. दुसऱ्या कुणावर ढकलत न्हाय. माझ्या लेकाला, बिरूला, दोन पोरींवर तिसरी पोरगीच झाली. सून बानू भिताडाकडं तोंड करून रडत हुती, आन मी चुलीतली राख भरता भरता म्हणलं, "ठेवा नकोशी. देवाला कळू दे, बास झालं." छत्तीस सालचा श्रावण हुता.

पोर जन्मली तीच दोन शेराची. त्या साली आमच्या अंथुर्ण्यात दर बाजाराच्या दिवशी बारामतीवरनं विजयमालाबाई म्हणून नर्स यायची. चावडीपुढं झोळीचा काटा टांगायची, पोरं तोलायची आन चौकटीच्या कागदावर ठिपका द्यायची. मी गेले ती भांडायलाच गेले. म्हणलं, "ए बाई, एवढीशी पोर जगायची का न्हाय तेवढं सांग. उगं कागद रंगवू नगंस."

"मावशी, किती भरली ते सोडा. कशी वाढते ते बघू," बाई म्हणाली.

आठ आठवडे गेले. बाईनं पट्टी लावली आन ठिपक्यांतनं एक रेघ वर चढवत नेली. "बघा. सुरुवात लहान, पण आठवड्यामागं नवटाक वाढतेय. आठ आठवड्यांत शेरभर वाढली. आता तीन शेर आहे." मग शिसपेन्सिलीनं रेघ पुढं टिंबटिंब वाढवली. "सगळं असंच राहिलं तर आणखी आठ आठवड्यांनी चार शेर."

मी चार शेर तेवढं उचललं. आधीचं बाईनं काय सांगितलं ते तिथंच चावडीवर ठिवून आले.

खरं सांगते, त्या रेघेनंच मला पोर आवडाया लागली. विहिरीवर, बाजारात, दिसंल त्या बाईला गाठून सांगायची, "आमची नकोशी आठवड्यामागं नवटाक वाढतीया!" आजवर आमच्या घरातलं कुणी कागदावर चढलं न्हवतं.

दसरा झाला. मेंढरं घिऊन भिगवणकडं भीमेकाठी जायची येळ आली. आमा धनगरांत तान्हं पोर आईबरूबर घोड्यावर जातं. माझं बिरू तसंच गेलं, बिरूचा बाप बी तसाच गेला. बानूनं झोळी घोड्याला बांधली बी हुती. मी सोडली.

"तितं रानात कोण तोलणार हिला? पुढचे आठ ठिपके मोकळे ठिवायचे व्हय? पोर हितं ऱ्हाऊ दे."

"आत्या, अंगावर पिती ती."

"मग? माझी शेळी काय मेली? आठवड्यामागं नवटाक वाढतीया, कागदावर लिवलंय. तुला अडाणीला काय कळतंय?"

मी मोठी चार बुकं शिकल्याली! बिरू खाली बघत उभा. त्यो आईपुढं कवा बोलला हाय? बानू मेंढरांमागनं निघाली. तिची चोळी दुधानं भिजली हुती. म्या बघितलं, आन बघून गप बसले.

शेळीचं दूध, त्यात निम्मं पाणी, आन चोखायला कापडाची वात. पहिल्या बाजाराला काटा जागचा हलला न्हाय. मी म्हणलं, हुतंय, पुढच्या बाजाराला दोन नवटाक वाढंल. दुसऱ्या बाजाराला पोर नवटाक कमी भरली. बाईनं लिवायचा टाक खाली ठिवला.

"हिची आई कुठाय?"

मी सांगितलं.

"आजच्या आज बोलवून घ्या तिला."

मी उखडलेच. "तुझीच रेघ, आन आता तूच फिरतीस व्हय? काटा बिघाडलाय तुझा!"

"मावशी, आठवडा पोराला वाढवत नसतो," बाई हळू बोलली. "ते आठ आठवडे ती आईच्या अंगावर पीत होती. मी मोजलं ते आईचं दूध. ते तुटलं, तिथंच ती रेघ संपली."

मला कळलं. तवाच्या तवा कळलं, उगं कशाला खोटं बोलू? पण भवती चार बाया उभ्या. ज्यांच्यापुढं महिनाभर मिरवलं, त्यांच्यापुढं मान कशी खाली घालू? सुंभ जळला तरी पीळ जात न्हाय. म्हणलं, "आणखी एक बाजार बघू."

तो बाजार पोरीनं बघितलाच न्हाय. चौथ्या दिशी हगवण लागली. तवा मी भिगवणला माणूस पळवला. बैल गेला आन झोपा केला, दुसरं काय! बिरू आन बानू दुसऱ्या दिशी दुपारी आले. सकाळीच पोरीला माती दिली हुती. बानू मला शिव्या देईल, छाती बडवून घेईल, असं वाटलं हुतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

औंदा तिला पोरगा झालाय. सगळं माझं करती ती. भाकरी वाढती, गुडघ्याला तेल लावती. पण पोर काय तिच्या कडेवरनं खाली येत न्हाय. पाण्याला जाताना कडेवर, सरपणाला जाताना पाठीवर. काल उन्हातनं आली, डोईवर भरली घागर, कडेला पोर. घाम डोळ्यांत उतरत हुता. मला ऱ्हावलं न्हाय, म्या दोन्ही हात म्होरं केलं. "दे गं हिकडं."

बानूनं माझ्याकडं बघितलं, आन घागर माझ्या हातात दिली.