एकदा दाबलं की दोनदा

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे आणि सध्या एका म्हाताऱ्या माणसाच्या औषधांच्या डब्यात राहतो. माझी वायर माझ्याभोवती तीनदा गुंडाळलेली आहे. एका बाजूला रक्तदाबाच्या गोळ्या, दुसऱ्या बाजूला खोकल्याची बाटली. नावाने मी उंदीर, पण कधी कुणाचं काही कुरतडलं नाही, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे माझ्या डाव्या बटणाखाली धातूची एक पातळ पट्टी बसवली गेली. बटण दाबलं की ती वाकते आणि टिक् असा आवाज होतो. सोडलं की ती सरळ होते. माझं सगळं आयुष्य त्या नखाएवढ्या पट्टीवर अवलंबून आहे. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला दहा वेळा दाबलं, दहा आवाज मोजले आणि पुढे सरकवलं. इतकं लक्ष देऊन मला नंतर कुणी ऐकलं नाही.

तिथून मी लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत एका ड्राफ्ट्समनच्या टेबलावर आलो. लिफ्ट कुठून जाणार, दार कुठे येणार, वजनं कुठे लोंबणार, याचे नकाशे तो काढायचा. एका रेघेला माझे दोन टिक् लागत, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. अकरा वर्षं आम्ही रेघा मारल्या. त्या रेघांवरून खऱ्या लिफ्ट उभ्या राहिल्या, आणि त्यात कुणी अडकून पडल्याचं मी ऐकलं नाही. "याच्याशिवाय माझा हात चालत नाही," असं तो शेजारच्या टेबलावरच्याला सांगायचा. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मग कंपनीने नकाशांचं काम बाहेर देऊन टाकलं. शेवटच्या दिवशी त्याने मला खिशात घातलं. साहेबांनी ते पाहिलं आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी तीन माणसं. त्याची बायको दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. त्याचे वडील, अण्णा, जन्मभर लिफ्टमन होते. एका स्टुलावर बसून त्यांनी अर्धं शहर वरखाली नेलं होतं. आता ते सकाळी कॉम्प्युटरवर एकट्याने पत्त्यांचा डाव मांडत. सकाळी मी अण्णांचा, दुपारी त्याचा.

दुपारी तो वायद्यांचे सौदे करायचा. तेलाचा किंवा सोन्याचा पुढच्या तारखेचा भाव आज ठरवायचा आणि तो हलला की कमवायचं किंवा गमवायचं, याला वायदे म्हणतात. त्याला मोठं भांडवल लागतं, आणि त्याच्याकडे ते नव्हतं. पण अशा कंपन्या निघाल्या आहेत, ज्या म्हणतात, भांडवल आमचं, हुशारी तुमची. आधी फक्त फी भरून एक परीक्षा द्या. पास झालात की आमच्या खात्यावर सौदे करा, नफ्यातला मोठा वाटा तुमचा.

पहिल्या परीक्षेत एका दिवसाच्या नुकसानीची मर्यादा ओलांडली म्हणून तो नापास झाला. दुसऱ्या वेळी तो नफ्यात असूनही नापास झाला. नफा वाढला की ज्याच्या खाली खातं घसरू द्यायचं नाही ती रेघही मागोमाग वर चढते, हे नियमांच्या सव्विसाव्या कलमात लिहिलेलं होतं आणि त्याने पंधरापर्यंतच वाचलं होतं. तिसऱ्यांदा सौदा दोन मिनिटं उशिरा बंद केला. चौथ्या वेळेचं तर तो घरात कुणाला बोललाही नाही. दरवेळी कंपनीचं हसरं पत्र यायचं, "तुम्ही हरला नाहीत, शिकलात! पुन्हा परीक्षा द्या, फक्त आज वीस टक्के सूट." त्यांच्या ग्रुपवर एक बेकरीवाला होता. त्याची चौदावी परीक्षा चालू होती आणि तो रोज सगळ्यांना शुभेच्छा द्यायचा. पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणाऱ्यांवरच कंपनीचं पोट भरत असावं, असं मला तेव्हाच वाटू लागलं होतं.

नकाशे काढताना त्याचा तळवा कोरडा असायचा. आता मी दुपारभर त्याच्या घामाने ओला राहायचो. माझी पट्टीही थकली होती. कधी कधी एकदा दाबलं की मी दोनदा वाजायचो. हे प्रथम अण्णांच्या लक्षात आलं.

"अरे, हा एकदा दाबला की दोनदा दाबतो. माझा पत्ता भलतीकडेच जाऊन बसतोय."

"चालतंय हो अण्णा. पास झालो की नवीन घेऊ."

"असा केवढ्याला येतो नवीन?"

"केवढ्याला येणार? एका परीक्षेच्या फीत तीस येतील."

"मग एक घे की!"

तो नुसता हसला.

पाचव्या खेपेला तो पास झाला. बायकोने त्याला खुर्चीतच मिठी मारली आणि मी टेबलावरून खाली पडलो. आता कंपनीच्या खात्यावर पाच दिवस नफा दाखवायचा होता, मग पहिली रक्कम हातात येणार होती. एक अट होती. एका वेळी पाचच लॉट, म्हणजे सौद्याचे पाचच हिस्से घ्यायचे, त्यापुढे नाही.

चार दिवस नफा झाला आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी जुन्या साहेबांचा फोन आला. त्यांनी लिफ्ट दुरुस्तीचं छोटं दुकान काढलं होतं आणि त्यांना नकाशे काढणारा माणूस हवा होता. शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर द्यायचं आणि लगेच कामाला लागायचं होतं, कारण दुसरा एकजण थांबलेला होता.

"हो म्हण," बायको म्हणाली.

"एकच दिवस राहिलाय गं. दोन्ही कसं जमणार? पैसे आले की दाखवतो तुला."

"मला पैसे नको दाखवूस. सकाळी डबा घेऊन बाहेर पडलेला दिसलास तरी पुष्कळ झालं. वर्षभर मी दोन-दोन पाळ्या करतेय रे."

शुक्रवारी बारा वाजता त्याने साहेबांना नाही म्हणून कळवलं. तीन वाजता तेलाचा भाव त्याला हवा तिथे आला. त्याने तीन लॉटचा आकडा भरला, श्वास धरला आणि मला एकदा दाबलं.

मी दोनदा वाजलो.

तिनाचे सहा झाले. कंपनीचं यंत्र सहावा लॉट अडवत नव्हतं. आधी घेऊ द्यायचं आणि मग खातं बंद करायचं, अशी त्यांची रीत होती. भाव वर गेला. वर्षभरात झाला नव्हता इतका नफा पडद्यावर दिसला, आणि दोन मिनिटांनी पडदा करडा झाला. नियमभंग, खातं बंद, नफा रद्द. त्याने माऊस बिघडल्याचा संशय कळवला. उत्तर आलं की साधनांची जबाबदारी ग्राहकाची असते.

"मी एकदाच दाबलं. शप्पथ," तो बायकोला म्हणाला.

"दरवेळी काहीतरी असतंच की तुझं."

तो आपल्या बोटाकडे बघत राहिला. "नाहीतर सुटली असेल हाव," तो हळूच म्हणाला. मित्रांनो, अकरा वर्षांत त्या बोटाने एक रेघ चुकवली नव्हती. गुन्हा माझा होता आणि तो स्वतःच्या बोटावर आळ घेत होता. मला फार लाज वाटली.

अण्णा उठले. त्यांनी पत्त्यांचा डाव उघडून मला एकदा दाबलं. पत्ता उडून भलतीकडेच बसला. "बघ सूनबाई. त्याने एकदाच दाबलं असणार."

तिने फोन त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, "साहेबांना फोन लाव. आत्ताच्या आत्ता."

त्याने लावला. दुसरा माणूस एक वाजताच हो म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हसरं पत्र आलं. या वेळी पंचवीस टक्के सूट होती. तो अंघोळीला गेल्यावर अण्णांनी मला कॉम्प्युटरपासून उपसलं. "ओव्हरलोडची घंटा वाजली की मी लिफ्टची किल्लीच खिशात घालायचो," ते पुटपुटले. "शेवटी शिरलेला उतरल्याशिवाय हलायचोच नाही." मग त्यांनी मला गोळ्यांच्या मध्ये ठेवून डबा बंद केला.

"अण्णा, माऊस कुठाय?"

"मला काय विचारतोस? मी गोळ्या घेतोय."

तो डब्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला कळलं होतं. पण वडिलांच्या हातातला डबा त्याने ओढला नाही. त्याने चपला घातल्या आणि बाहेर गेला. अण्णांनी सुटकेचा श्वास टाकला, तो मला झाकणातूनही ऐकू आला.

मित्रांनो, झिजलेल्या वस्तूला वेळेवर रजा द्या. तिला बोलता येत नाही, पण ती आपल्या परीने सांगत असते. आणि घरातलं म्हातारं माणूस काही बिघडलंय म्हणालं तर नुसतं हसू नका. माझ्या मालकाने मला जपलं असं त्याला वाटायचं, पण त्याने मला फक्त वापरलं. कंपनीनेही त्याला तसंच वापरलं.

पंधरा मिनिटांनी दार वाजलं. खोक्याचं प्लॅस्टिक फाडल्याचा आवाज आला. वर्षभर जो परवडत नव्हता, तो नवा माऊस आणायला पंधरा मिनिटं पुरली. अण्णांनी डबा उचलून मांडीवर घेतला आणि माझ्या शेजारच्या गोळ्या खुळखुळल्या.

खुर्ची पुढे ओढली गेली. मग टिक् ऐकू आला, स्वच्छ आणि कोरा. या वेळी तो एकदाच वाजला, आणि सहावी फी गेली.