आरसा झाकलेले आठ दिवस

थेरगावच्या डांगे चौकात कोणालाही विचारा, गणराज डोईफोडे कुठे राहतो. माणूस हातातला चहा ठेवून घरापर्यंत सोडायला येईल. वाटेत गणराजच्या दंडाचं मापही सांगेल, जणू टेप धरून यानेच घेतलं होतं. त्याला एवढंच माहीत नसतं, की स्पर्धेआधीच्या आठवड्यात हा गडी स्वतःच्या घराचे जिने चढताना मध्येच कठड्याला टेकून उभा राहतो. फोटोत तो सगळ्यात तगडा दिसतो, नेमक्या त्याच दिवसांत त्याच्याच्याने लोणच्याची बरणी उघडत नाही. ती त्याची आई सोजरबाई उघडते आणि वर विचारते, "हे कसलं रे पैलवानपण?"

गणराज मूळचा लातूरकडचा. बारावी करून भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला, पुढे चाकणच्या कंपनीत ऑपरेटर झाला, आणि शिफ्ट सुटली की चिमाजी वस्तादांच्या पत्र्याच्या व्यायामशाळेत घाम गाळू लागला. लोखंड अंगाला मानवलं. आधी जिल्हा मारला, मग महाराष्ट्र, मग देश. शेवटी नोकरीला रामराम ठोकून तो व्यावसायिक शरीरसौष्ठवात उतरला आणि तिथेही नाव काढलं. परदेशात जिंकून आला तेव्हा चौकात फ्लेक्स लागले. त्यांवर त्याच्यापेक्षा शुभेच्छा देणाऱ्यांचेच फोटो मोठे होते. घरात चषक एवढे साठले की सोजरबाई त्यातल्या एका रुंद तोंडाच्या चषकात लसूण ठेवू लागल्या.

या सगळ्या कारकिर्दीत वस्तादांचा एक नियम त्याने कधी मोडला नाही. स्पर्धेआधी आठ दिवस घरातला आरसा झाकायचा. "उपाशी मान्साला आरसा खोटं दावतो," वस्ताद सांगत. "चांगलं अंग वाईट दिसतं, आन् गडी घाबरून नको ते करून बसतो. घरात एक डोळा ठेव आन् त्याचंच ऐक." तो डोळा म्हणजे गणराजची बायको, स्वरूपा. दोघांची ओळखच चाकणच्या कंपनीत झालेली. ती तिथे क्वालिटीला होती, अजूनही आहे. गणराजने केलेले पार्ट तिच्या टेबलावर तपासायला यायचे, आणि लग्नाआधी तिने त्यातले बरेच परत पाठवले होते. असल्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर? स्पर्धा दोन दिवसांवर आली की संध्याकाळी तो हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली उभा राही, आणि ती प्लास्टिकच्या स्टुलावर बसून त्याला नखशिखांत बघे. मग एकच शब्द, पास किंवा नाही. नाही म्हणाली तर त्या वेळची स्पर्धा सोडायची.

नाही ती एकदाच म्हणाली होती. त्या वर्षी कातडीखाली पाणी साठून त्याचे स्नायू झाकले गेले, आणि ते पाणी कुठून चढलं ते कोणाला कळेना. पुढे महिनाभराने सोजरबाईंनी कबूल केलं, की लेकरू अळणी चिकन गिळतंय हे बघवेना म्हणून त्या रोज गुपचूप मीठ टाकत होत्या, आणि मीठ तर अंगात पाणी धरून ठेवतं. "चिमटीभर मिठानं काय व्हतंय म्हनलं," त्या म्हणाल्या. आईच्या मायेपुढे वस्ताद बिचारे काय करणार! पण तेव्हापासून स्वरूपाचा शब्द घरात काळ्या दगडावरची रेघ झाला.

आणि आता स्वरूपा त्याच शब्दाने खोटं बोलायला निघाली होती.

कारण गेल्या वर्षीची दिल्लीची स्पर्धा. शेवटचे दोन दिवस पाणी पिणं तोडलं की कातडी कागदासारखी होते आणि खालचा स्नायू न् स्नायू मोजता येतो. त्याशिवाय वरचा नंबर मिळत नाही, अशी या धंद्यातली समजूत. गणराज जिंकला, चषक घेऊन पडद्यामागे आला आणि तिथेच कोसळला. पायांत गोळे, छातीत धडधड, आणि ओठ असे पांढरे की स्वरूपाचं अवसानच गळालं. सलाइन लावून झाल्यावर डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "या वेळी निभावलं. पुन्हा असं पाणी तोडलं तर मी कशाचीच खात्री देत नाही." घरी आल्यावर तिने त्याला परोपरीने सांगून पाहिलं. तो हसण्यावारी न्यायचा. "तू आहेस ना? तू नाही म्हण, मी नाही उभा राहणार. पण अंग बघून म्हण." झालं, बोलणंच खुंटलं.

यंदाची स्पर्धा घरच्या अंगणात, चिंचवडला, रविवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी स्वरूपाने बघायचं आणि ती पास म्हणाली की लगेच पाणी बंद. म्हणजे त्याला थांबवायचं तर तोच एक शब्द तिच्या हातात होता. तिने ठरवून टाकलं.

शुक्रवारी चाकणला तिचं कामात लक्ष नव्हतं. शेजारच्या टेबलावर विजयश्री नावाची नवी मुलगी पार्ट तपासत होती आणि नापास मालाचा लाल क्रेट भराभर भरत होती. स्वरूपाने त्यातला एक पार्ट उचलून उजेडाकडे फिरवून पाहिला.

"यात काय वाईट आहे?"

"काही नाही, मॅडम. पण शंका आली. पुढे जाऊन काही झालं तर? त्यापेक्षा रिजेक्ट केलेलं बरं ना?"

"चांगला माल फेकणं हीसुद्धा चूकच असते गं," स्वरूपा म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिची तिलाच लाज वाटली. तिने तो पार्ट परत चांगल्यांत ठेवला. पण ठरवलेलं काही बदललं नाही. नवरा म्हणजे काही पार्ट नव्हे, की मोडला तर दुसरा येईल.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पडदे ओढलेले होते. आरशावर फुलाफुलांची चादर होती. सोजरबाई स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसल्या होत्या. गणराज ट्यूबलाइटखाली येऊन उभा राहिला, आणि स्वरूपा समोर स्टुलावर बसली.

असं अंग त्याचं कधीच झालं नव्हतं. चाळिशीला टेकलेला माणूस, पण खांदे भरून आले होते, कंबर आवळून बसली होती, पाठ वळवली तर नजर कुठे ठेवावी कळत नव्हतं. खोट काढायला जागा नव्हती. आणि यासाठी त्याने काय केलं नव्हतं! सणासुदीला पुरणपोळीकडे पाठ फिरवून बसला. भाचीच्या लग्नात सगळ्यांच्या पंगतीत आपला डबा उघडून उकडलेलं चिकन खाल्लं, ते व्याह्यांनी अजून मनात धरलंय. बघता बघता तिला त्याचा अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाचाच तिला राग आला.

"बोल," तो पाठमोराच म्हणाला.

"नाही."

सोजरबाईंचा मेथी निवडणारा हात थांबला. गणराज हळूच वळला. "कुठे?"

याची तयारी तिने केली नव्हती. "मांड्या," ती म्हणाली. "आणि कमरेला पाणी आहे."

"बरं."

बस, एवढंच. वाद नाही, आदळआपट नाही. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला आणि आरशावरची चादर ओढून काढली. आता स्पर्धाच नाही म्हटल्यावर आरशाला कशाला भ्यायचं? आता याला खरं काय ते दिसणार आणि आपली चोरी पकडली जाणार, असं स्वरूपाला वाटलं.

गणराजने मांडी ताणून पाहिली. कमरेवरून हात फिरवला. "खरंच की गं," तो म्हणाला. "मांडी बसलीय. आणि हे बघ, इथे कसं लोंबतंय. मला कळलं कसं नाही?" त्याचा आवाज पडला. "म्हातारा झालो मी, स्वरूपा."

लोंबायला तिथे काही नव्हतंच. चिमटीत धरता येईल एवढंही नव्हतं. नुसता तिचा शब्द ऐकून त्याला ते आरशात दिसत होतं, आणि तो त्यावर विश्वास ठेवून उभा होता. स्वरूपाला ते सोसलं नाही. त्याचा जीव वाचवायला गेली आणि त्याची आयुष्याची कमाई तिने त्याच्या डोळ्यांदेखत मातीत घातली होती.

"खोटं बोलले मी," ती म्हणाली आणि रडू लागली. "काही बसलेलं नाही. तुमचं असं अंग मी आजवर पाहिलं नाही. पाणी तोडलंत तर रविवारी तुमच्यापुढे कोणी टिकायचं नाही. पण मला भीती वाटते हो. दर वेळी तुम्ही विचारता, अंग कसं आहे. मी कशी आहे, ते कधी विचारलंत?"

दारातून सोजरबाई गणराजला म्हणाल्या, "खरं बोलायली ती. ऐक जरा."

"मग काय करू? उभाच नको राहू?"

"उभे राहा. पाणी पिऊन उभे राहा."

"पाणी पिऊन?" तो चिडला. "दोन दिवसांत ही धार बोथट होईल. पहिल्या तिघांत येणार नाही. सगळं थेरगाव येऊन बसणारे तिथे! घरच्या माणसांसमोर हसं करून घेऊ?"

स्वरूपा डोळे पुसत स्टुलावर बसून राहिली. गणराज हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागला, एकदा आरशासमोर थांबला, पुन्हा चालू लागला. शेवटी तो स्वयंपाकघरात गेला, तांब्या भरला आणि उभ्याउभ्या घटाघटा संपवला. तो रागाने प्यायला की समजून, हे तिला कळलं नाही. त्याच्या गळ्याची हालचाल ती बघत राहिली, आणि तिला हायसं वाटलं.

शनिवारी तिने नेहमीसारखा त्याच्या अंगाला स्टेजचा गडद रंग लावला. दोघं कामापुरतंच बोलली.

रविवारी पडद्यामागे चिमाजी वस्तादांनी त्याच्या कमरेला चिमटा घेऊन पाहिला आणि कपाळावर हात मारला. "पानी न्हाई तोडलंस व्हय रं? समदी मेहनत पान्यात घातलीस की!" स्टेजवर गणराजने सगळ्या पोझ मारल्या, एकही कमी नाही, पण दिव्यांच्या झोतात फरक दिसायचा तो दिसलाच. चौथा आला. डांगे चौकातून आलेल्या मंडळींतला एक म्हणाला, "वय झालं भाऊंचं." पहिला आलेला कोल्हापूरचा पोरगा आत जाऊन चटईवर आडवा झाला होता आणि दोघंजण त्याच्या पोटऱ्या चोळत होते.

स्वरूपा पायऱ्यांपाशी उभी होती. गणराज एकेक पायरी उतरत आला. कपड्यांना रंग लागेल म्हणून लोक बाजूला सरत होते. त्याचा चेहरा उतरला होता. तिला माफ केलंय असं काही त्यावर दिसत नव्हतं.

"बोल," तो म्हणाला. "कसं होतं अंग?"

तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आता पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं. "पाणी होतं. कमरेला, मांड्यांना. लांबूनसुद्धा दिसत होतं."

"हं."

"आणि माझ्यापर्यंत तुम्ही चालत आलात."

गणराज मान खाली घालून उभा राहिला. एवढ्या वर्षांत तो कधी स्टेजवरून उतरून रडला नव्हता. लोक म्हणायचे, काय घट्ट काळजाचा गडी, जिंकला तरी डोळ्यांत टिपूस नाही. त्यांना काय ठाऊक, डोळ्यांत आणायला तरी अंगात पाणी असावं लागतं! आज ते होतं. त्याच्या गालावरच्या रंगातून दोन ओघळ खाली आले. स्वरूपाने पदर उचलला, साडी खराब होईल म्हणून तो मागे सरला, आणि तिने तरीही पुसलं.