नववी पायरी

मी शिडी बोलतेय. हळूच बोलतेय. जोरात बोलायला गेले की माझी करकर होते, आणि करकर झाली की लोकांना वाटतं, हिला तेल पाहिजे. मला तेल नको होतं. मला भेव वाटत होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

हो, शिडीला भेव वाटतं, आणि तेही उंचीचं. हसा तुम्ही. चौदा फूट उंच, अकरा पायऱ्यांची मी, जन्मभर दुसऱ्यांना वर चढवते आणि मला स्वतःला वरून खाली बघवत नाही. पोहता न येणाऱ्या होडीसारखी माझी गत.

माझा जन्म मारेगावकडच्या एका पोडातला. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. तिथले भीमराज बांबूची सुपं, टोपल्या, तट्टे करतात. बांबू तोडायच्या आधी ते कोयत्याच्या पाठीने त्याला ठोकतात आणि कान देतात. मला ठोकलं तेव्हा मी टण् वाजले. ते हसले आणि मग मला तोडलं. कौतुक करून तोडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. पुढे तसे पुष्कळ पाहिले, कारण माझं सगळं आयुष्य कलाकारांतच गेलं.

मला न्यायला बबिता आली होती. पस्तिशीची, खांद्याला कापडी पिशवी, बोलताना सारखी चष्मा वर ढकलणारी. भीमराजनी तिला विचारलं, दिग्रसात लोखंडाची शिडी मिळत असताना एवढ्या लांब कायले आली? ती म्हणाली, "लोखंडाची घेतली अन् बल्ब बदलताना करंट लागला तं?" भीमराजना ते पटलं. देताना त्यांनी एकच सांगितलं, "दर दिवाळीले इची एकेक पायरी ठोकून पाहा. चांगली असन तं टण् वाजन. थप् वाजली तं पाय ठेवू नको."

कापूस टाकून रिकाम्या परतणाऱ्या मेटॅडोरवर आडवी पडून मी दिग्रसकडे आले. तिथे बबिताच्या तांड्याला लागून कापसाचं एक जुनं गोदाम आहे. दर थंडीत चार कलाकार कुठून कुठून येऊन त्यात सहा आठवडे राहतात, काम करतात, आणि जायच्या आधी एक दिवस सगळ्या तांड्याला बोलावून ते दाखवतात. कागदावर याला आर्टिस्ट रेसिडेन्सी म्हणतात. तांड्यात म्हणतात चित्रवाल्यांचं गोदाम. पुण्याचा एक ट्रस्ट पाठीशी आहे, आणि चालवते बबिता.

चालवणं म्हणजे खुर्चीत बसणं, असं मला आधी वाटायचं. सहा वर्षांत मी तिला फार वेळा खुर्चीत पाहिलं नाही. एकदा पाहिलं तेव्हा ती खुर्चीवर उभी राहून पंखा पुसत होती. कुणाला वांगं चालत नाही, कुणाला मोराच्या ओरडण्याने झोप येत नाही, कुणाचं सामान यवतमाळच्या बसमध्ये राहिलं, सगळं तिच्या डोक्यात. तिसऱ्या आठवड्यात तर प्रत्येक कलाकार रडतो. अगदी प्रत्येक. आपल्याला काही येत नाही, आपण उगाच आलो, असं त्याला वाटायला लागतं. बबिता समजूत घालत नाही. ती त्याला एक दिवस आपल्या आईबरोबर, रुपीबाईबरोबर, कापूस वेचायला पाठवते. संध्याकाळी तो बोटं ओरबाडून घेऊन येतो, चार भाकरी खातो आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कामाला लागतो.

आता नियमाचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. पहिल्याच वर्षी पुष्पा नावाची एक शिल्पकार कठड्यावर चढली आणि पडली. मनगट मोडलं. त्या दिवशी बबिता दवाखान्यात हसतमुख होती, सगळ्यांना म्हणत होती, ठीक आहे, सगळं ठीक आहे. मग गोदामात परत आली, माझ्या बाजूला येऊन भिंतीला टेकली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दारामागच्या नियमांच्या कागदावर एक ओळ वाढली: उंचीवर फक्त बबिता चढेल.

तेव्हापासून मी आणि ती. बल्ब तीच बदलणार, चित्रं तीच टांगणार, पत्र्यावरचा पाला तीच काढणार. चढताना माझं अंग थरथरायचं. मला वाटायचं, माझंच भेव. मी स्वतःला फार महत्त्वाची समजते, हा माझा जुनाच दोष.

गोदामात आणखी एक रीत आहे. जायच्या आधी प्रत्येक कलाकार इथल्या एका वस्तूवर आपली निशाणी सोडतो. कुणी पाण्याची टाकी रंगवली, तिच्यावर आता मासे आहेत. कुणी संडासाच्या दारावर वाघ काढला, त्यामुळे पाहुणे दार वाजवायलाही कचरतात. निशाणीला कुणी नावं ठेवायची नाहीत, पुसायची नाही, खरवडायची नाही. हा बबिताचा शब्द. त्यामुळे दर हंगामात कलाकार वस्तूंकडे त्या एका नजरेने बघायला लागले की आम्ही सगळ्या वस्तू जीव मुठीत धरून असतो. उखळ तर अजून बोलत नाही कुणाशी.

गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीमागे बाहेरच राहिले. कुणी मुद्दाम ठेवलं नाही, राहिले. तिथे माझ्या नवव्या पायरीत कीड शिरली. आतून पोखरत गेली. बाहेर केसाएवढी चीर दिसायची, बस्स. मी म्हटलं, दिवाळीला बबिता ठोकेल, तेव्हा कळेलच.

पण कलाकार यंदा लवकर आले आणि त्यांच्यात कोल्हापूरचा इंद्रजीत होता. केस बांधलेला, मनाने चांगला, रुपीबाईंना मावशी म्हणणारा. आल्या आल्या त्याने माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाला, ही शिडी माझी. त्याने मला घासलं, चीर दिसली तिथे लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरली, चित्र काढायच्या आधी फळी सारखी करतात तशी, आणि अंगभर हळदीसारखा पिवळा रंग दिला. प्रत्येक पायरीवर बारीक लाल फुलं. नवव्या पायरीवर सगळ्यात जास्त, कारण लांबी भरल्यामुळे ती सगळ्यात गुळगुळीत होती.

खोटं कशाला बोलू, मला आवडलं. तांड्यातल्या बायका येऊन बघून गेल्या. या वयात कुणी नटवलं की कुणालाही बरं वाटतं. दिवाळी आली तेव्हा बबिता बोटं मुडपून माझ्यापुढे उभी राहिली, ठोकणारच होती. इंद्रजीत म्हणाला, ताई, रंग अजून ओला हाय. ती म्हणाली, बरं, उद्या. तो उद्या आलाच नाही. मी फुलं मिरवत उभी राहिले आणि आत पायरी भुसा होत गेली.

मग तो दाखवायचा दिवस उजाडला. तांड्यातल्या बायकांनी आणि चारही कलाकारांनी मिळून एक मोठं कापड शिवलं होतं, काचा आणि कवड्या लावलेलं, दोन माणसांना उचलावं लागेल इतकं जड. ते गोदामाच्या दारावरच्या आकड्यांना टांगायचं होतं. चार वाजता लोक येणार होते. ट्रस्टच्या विमलताई पुण्याहून दुपारीच आल्या, अंगणात खुर्चीवर बसून चहा घेत होत्या. हा प्रकार पुढे चालवायचा की नाही ते त्या बघायला आल्या आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मला दाराशी लावलं. मी मोजत होते. आकड्यापर्यंत हात पोचायला दहाव्या पायरीवर उभं राहावं लागतं. म्हणजे नववीवर पाय पडणारच.

बबिताने खांद्यावर कापडाचं टोक घेतलं आणि चढायला लागली. मी पहिल्याच पायरीला करकरले. शक्य तेवढी करकरले. खाली इंद्रजीतने एका हाताने मला धरलं होतं, दुसऱ्या हातात फोन. तो म्हणाला, "नवा रंग हाय ताई, आवाज करणारच." मी एका पायाने थोडी सरकले. त्याने मला परत नीट लावलं. शिडीचं म्हणणं एवढंच पोचतं.

तिसरी. चौथी. पाचवी. तिचा तळवा प्रत्येक पायरीवर थोडा जास्त दाबून बसत होता. सहावीवर मला कळलं, की थरथर माझी नव्हती. सहा वर्षं मी जिला माझ्या भेवाची थरथर समजत होते, ती तिच्या भेवाची होती. तिचे गुडघे हलायचे आणि त्यांच्याबरोबर मी हलायचे. रुपीबाई खालून म्हणाल्या, लहानपणी ही पोट्टी चिंचेच्या पहिल्या फांदीवरही चढायची नाही, आता पाहा. वरून बबिता म्हणाली, ठीक आहे याडी. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तिचा आवाज रंगवलेला होता, माझ्यासारखाच.

आठवी. तिने डावा पाय उचलला. नववीच्या फुलांवर तिचा अंगठा टेकला, नुसता टेकला. आत काहीतरी सुटल्याचं मला जाणवलं. मी अंग घट्ट धरलं. बांबू आणखी काय करू शकतो?

ती थांबली.

विमलताईंनी कप खाली ठेवला. कापडाच्या काचा उन्हात लुकलुकत होत्या आणि ती आठव्या पायरीवर मला मिठी मारून उभी होती, वर जाईना, खाली येईना. तिचं कपाळ माझ्या बांबूला टेकलेलं. असा किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, मी मोजणं सोडून दिलं होतं.

मग ती खाली न बघता बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"याडी, मले भेव लागून राह्यलं. पहिल्यापासूनच लागते. मी वर नाही जात."

"मंग ये ना खाली," रुपीबाई म्हणाल्या. "कोन म्हणते जा म्हणून?"

तिने पाय मागे घेतला. आठवी, सातवी, सहावी. जमिनीवर उतरल्यावर ती तिथेच मातीत बसली, कापड अजून खांद्यावर. मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात इंद्रजीतने फोन खिशात घातला आणि मला धरलं. म्हणाला, "मी जातो की, त्यात काय." त्याचं वजन बबिताच्या दीडपट. मी पुन्हा एका पायाने सरकले.

"थांब रे," रुपीबाई म्हणाल्या. "यंदा इले ठोकली का?"

बबिताने नाही म्हणून मान हलवली. रुपीबाईंनी मला आडवी करायला लावली, बाजूला बसल्या आणि भाकरी थापल्यासारख्या एका लयीत बोटांच्या पेरांनी ठोकत निघाल्या. टण्. टण्. पहिल्या आठही पायऱ्या टण्. नववीवर हात पडला आणि आवाज आला, थप्.

इंद्रजीतने वाकून स्वतःच्याच फुलांवर नख लावलं. निशाणी खरवडायची नाही हा नियम तेव्हा कुणालाच आठवला नाही. लांबीचा पापुद्रा निघाला आणि त्यामागून पिठासारखा भुसा गळायला लागला, गळतच राहिला. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, चीर मी पाहिली होती. मला वाटलं, बुजवली की झालं.

बबिता त्याला रागावली नाही. "मी बी तेच करून राह्यली होती," एवढंच म्हणाली.

विमलताई उठून दारामागे गेल्या, नियमांचा कागद वाचला आणि विचारलं, "उंचीवर फक्त बबिता, हे कुणी ठरवलं?"

"मीच."

"आणि तू आज पडली असतीस, तर उद्यापासून बल्ब कोण बदलणार होतं?"

बबिता हसली, आणि हसता हसता चष्मा काढून पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती.

कापड त्या दिवशी टांगलंच नाही. अंगणात अंथरलं. लोक त्याच्या कडेकडेने फिरून बघत होते, म्हातारी माणसं खाली बसून काचांवर हात फिरवत होती. एक बकरी मधूनच चालत गेली, तिला सगळ्यांनी कलाकार ठरवलं. पुढच्या वर्षाचं विमलताईंनी काही सांगितलं नाही. त्यांचं पत्र अजून यायचंय, त्याची धास्ती आहेच.

आठवड्याने भीमराज आले. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "फुलं काहाडली बापा," ते म्हणाले, "कान कोणं द्यायचा?" त्यांनी नवव्या पायरीच्या खालून मला कापलं. यावेळी कौतुक वगैरे काही केलं नाही. आता मी आठ पायऱ्यांची आहे. माझ्या वरच्या तुकड्यावर रुपीबाईंच्या कोंबड्या बसतात, म्हणजे माझा तोही भाग कुणाला तरी वर चढवतोच. उंच कामासाठी भीमराज नवी शिडी करून देणार आहेत. ती येईल तेव्हा मी तिला दोन गोष्टी सांगणार आहे. रंगाला भुलू नको, आणि न्हाणीमागे राहू नको.

कागदावरची ओळ बबिताने खोडली. तिथे आता लिहिलंय: चढायच्या आधी ठोकावं. खाली दोघांनी धरावं. भेव लागलं तर सांगावं, आणि ते ऐकणाऱ्याने हसू नये.

परवा सकाळी रुपीबाईंनी मला आठ वेळा ठोकलं. मग बाजूला उभ्या असलेल्या लेकीच्या डोक्यावरही हळूच पेर वाजवलं. बबिताने विचारलं, "कसा आला आवाज?" रुपीबाई म्हणाल्या, "थोडा थप्. आज तू झोप." आणि ती खरंच जाऊन झोपली. सहा वर्षांत पहिल्यांदा, भर सकाळी.

माझं भेव गेलं असं नाही. विमलताईंचं पत्र हो म्हणून आलं, तर पुढच्या हंगामाला एकजण लाकूड कापायचं मशीन घेऊन येणार असं ऐकलंय. पण तुमच्या घरी शिडी असेल, किंवा सगळं ठीक आहे म्हणत सगळीकडे चढणारं एखादं माणूस असेल, तर एवढं करा. रंग कितीही चांगला दिसो, पाय ठेवायच्या आधी एकदा ठोका. आणि मग गप्प बसून कान द्या.